हॉल तिकिटाले जागा नाही

आता तुमी हसून राहिले, पण त्या दिवशी माहा जीव कसा टांगणीले लागला होता, मलेच माहीत. सीएचा पेपर, सेंटर अमरावतीले, अन् हॉल तिकिटाची प्रिंट राहिली अकोल्याले घरी! सेंटरसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात घुसलो, फोनवर तिकीट पुन्हा डाउनलोड कराले गेलो, तं फोन म्हणते, जागा नाही.

ऑनलाइन उतरवलेल्या नोट्सनं गच्च भरला होता. जीएसटीच्या, ऑडिटच्या, कॉस्टिंगच्या तं चार-चार सरांच्या! तिकडं गेट बंद व्हाची वेळ झालेली.

दुकानवाले सलीमभाई म्हणे, "काहून थांबला? एखादी फाइल उडव न."

"कोणती उडवू? साऱ्याच कामाच्या आहेत."

"जे वाचून झाली, ते उडव."

मी यादी वरतून खालपर्यंत पाहिली. खालतून वरपर्यंत पाहिली.

"भाऊ, मंग तं एकबी उडवता येत नाही."

सलीमभाईनं माह्या हातातून फोन घेतला, साऱ्याच नोट्स उडवल्या अन् गरम प्रिंट माह्या हातात कोंबली.

"जाय, पळ आता. तू अन् तुहा फोन, दोघंबी सारखेच रिकामे!"