कोमट पाणी

वर्तकनगरच्या बसथांब्यावर भागीरथीच्या मागे दोन म्हातारे बोलत होते.

"पास्कूने भर सभेत तुला चोर म्हटलं, चर्चमध्ये दोन गट पाडले. आणि इनास, तू त्याचे पाय धुतलेस?"

"पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात ना! फादरचे गुडघे वाकेनात. मला म्हणाले, तू धू."

"बारांत पास्कू बसलाय, माहीत होतं?"

"म्हणून तर पाणी कोमट करून नेलं."

"मग?"

"रडला रे! माझा टॉवेल ओढून घेतला, उरलेल्यांचे पाय त्यानेच पुसले. दोन्ही गट असे गायले, छप्पर दणाणलं!"

बस आली. रांगेतला पहिला माणूस चढला आणि खिडकीतून ओरडला, "इनास, ये! जागा धरलीय तुला!"

भागीरथीला राहवेना. "हाच का हो पास्कू?"

"हाच!"