पुसलेल्या फाइलींनी अडवलेली जागा

जबाब देणार: सर्व्हरवाली (कार्यालयात याच नावाने ओळखतात), वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार पाणी तपासणी प्रयोगशाळेमागील गल्ली, दुसरा मजला.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून, घडले तसे सांगते की, सदर प्रयोगशाळेचा सर्व्हर मी सांभाळते. तेथील केमिस्ट माझी नणंद आहे. आमचे पटत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण तिच्या कामात खोट काढणारा मला अजून भेटलेला नाही.

मोठ्या टाकीच्या पाण्याने माणसे आजारी पडली होती. दि. ९ रोजी सकाळी दहा वाजता, टाकीचे पाणी तपासलेच नाही असा ठपका ठेवून आमच्या विभागाच्या साहेबांनी नणंदेला घरी बसवले. तिचा अहवाल सर्व्हरवर सापडेना. ती माझ्या टेबलाशी येऊन एवढेच म्हणाली, "वहिनी, मी खरंच तपासलं होतं. पाणी खराब आहे असं लिहूनही दिलं होतं."

११.४० वाजता साहेबांचा फोन आला. "कोटा भरलाय म्हणतंय. सकाळीच साठ जीबी उडवले, तरी जागा का नाही?"

मी समजावले की, सर्व्हर दर तासाला स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या घटकेला असलेल्या सगळ्या फाइली जशाच्या तशा धरून ठेवतो. नंतर पुसलेली फाइल त्यात राहते, आणि तिची जागा विभागाच्या कोट्यातच, म्हणजे सर्व्हरवर ठरवून दिलेल्या जागेतच, मोजली जाते.

"मग तो स्नॅपशॉटही उडवा ना, बाई! डोकं नका खाऊ."

"कोणत्या फोल्डरसाठी, ते लेखी द्या, साहेब. नियम आहे."

पाच मिनिटांत मेल आला. फोल्डरचे नाव, मोठ्या टाकीचे अहवाल. खाली साहेबांचे नाव आणि हुद्दा. मला खुर्चीत बसवेना.

स्नॅपशॉट मी उडवला नाही. सकाळी आठच्या स्नॅपशॉटमधून अहवाल, सूक्ष्मदर्शकाचे फोटो आणि नणंदेच्या सह्या परत काढल्या. नऊच्या स्नॅपशॉटमध्ये तो फोल्डर नाही. मधल्या तासात तो साहेबांच्या खात्यावरून पुसल्याची नोंद आहे.

दुपारी एक वाजता संचालकबाईंच्या खोलीत अकरा जणांसमोर मी तो अहवाल पडद्यावर उघडला. साहेब ताडकन उठून म्हणाले, "हे तर मी पुसलं होतं!"

इतका आनंद मला स्वतःच्या बढतीलाही झाला नव्हता, हे लिहून घ्यावे.

नणंद दोन वाजता कामावर रुजू झाली. टाकी तीन वाजता बंद झाली, तिच्याच अहवालावरून.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी तो पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, वाचायला लावला. दोन्ही वेळा बरोबर निघाला.