गाडीतल्या डबीबाबत

मी, नाव वरच्या रकान्यात लिहिलं आहे ते परत सांगत नाही, वय ४८ वर्षे, धंदा धुलाई कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर, शिक्षण तिसरी, राहणार कारखान्याच्या मागच्या खोल्या, खोली क्रमांक दोन, कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन जबाब देते की,

मी हॉस्पिटलच्या चादरी नेते-आणते. दुपारी बारा वाजता मागच्या गेटवर गठ्ठे उतरवते. गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाईलवर ठिपक्यासारखं दिसतं. पाच मिनिटं थांबलं की फोन येतो, "ताई, ठिपका हलत नाही." एकदा मी म्हणाले, "ठिपका लघवीला गेलाय." ते मालकाला लागलं.

पुढे गॅरेजच्या मिस्त्रीने मला एक डबी दिली. गाडीत चार्जर लावतात त्या भोकात ती खोचायची. "मावशी, ही लावली की मालक काय, उपग्रहालासुद्धा तुम्ही सापडणार नाही," असं तो म्हणाला. ठिपका दिसेना म्हणून मालकाने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, तुमचंच यंत्र टुकार आहे.

डबी कशाला हवी होती ते विचारलं म्हणून सांगते. माझी मुलगी, वय २४, त्याच हॉस्पिटलच्या गच्चीवर कामाला आहे. रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या घेऊन ड्रोन येतो, तो ती हातातल्या रिमोटने उतरवून घेते. आमचं आठ महिने बोलणं नाही. ती माझ्या बहिणीकडे राहते. तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तिच्या साहेबांसमोर म्हणाले होते, "हिच्या हातात कप टिकत नाही, हिच्या हातात रक्त कसलं देता?" मी हसत म्हणाले होते. ती हसली नाही. बाकीचं इथे लिहायची गरज नाही.

चादरी उतरवल्यावर मी समोरच्या पाण्याच्या टाकीजवळ गाडी लावून बसायची. तिथून गच्ची दिसते. मुलगी पिवळं जाकीट घालते. वीस मिनिटं बसायचं आणि निघायचं, एवढंच.

दोन वेळा माझ्यादेखत ड्रोन भरकटला. एकदा झाडांवर गेला, एकदा शेजारच्या अंगणात उतरला. दोन्ही वेळा मुलीला मेमो मिळाला. मला वाटलं, तिने माझी गाडी ओळखली आणि तिचा हात बिघडला. म्हणून मी गाडी आणखी लपवून लावायला लागले, गच्चीच्या बरोबर खाली, जिन्याच्या भिंतीला चिकटून. तिथून ती दिसत नाही. आवाज येतो. डबी चालूच होती.

मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटांनी वरून तिचा आवाज आला, "मामा, बाजूला व्हा!" ड्रोन भिंतीवर आपटून खाली पडला. वॉर्डबॉय, त्यांना सगळे मामाच म्हणतात, खाली चहा पीत उभे होते, त्यांचा खांदा मोडला. पिशव्या फुटल्या. मुलगी जिना उतरून धावत आली आणि तिने मामांचं डोकं मांडीवर घेतलं. सगळीकडे रक्त होतं, कुणाचं ते कळत नव्हतं. "कापड द्या, कोणीतरी कापड द्या," असं ती ओरडत होती. माझ्या गाडीत दुसऱ्या दवाखान्याच्या साठ धुतलेल्या चादरी होत्या. मी गाडी सुरू केली आणि निघाले.

ज्या बाईच्या ऑपरेशनसाठी ते रक्त येत होतं तिला दुसरं रक्त रस्त्याने आलं, पन्नास मिनिटं उशिरा. ती वाचली. मी दोन सिस्टरना वेगवेगळं विचारून खात्री केली आहे.

बुधवारी गेटवरचा वॉचमन म्हणाला, ड्रोनवाल्यांचा इंजिनिअर अँटेना घेऊन फिरत होता. इंजिनिअरने त्याला सांगितलं, ड्रोनला आपली जागा उपग्रहाकडून कळते, पण तो आवाज फार बारीक असतो, शेजारी कोणी कल्ला केला की ऐकूच येत नाही. काही लोक तर उपग्रहाच्या आवाजाची नक्कल करून ड्रोनला खोटी जागा सांगतात, असंही तो म्हणाला. आमच्या धुलाईच्या मशीनशेजारी बायका ओरडतात तरी ऐकू येत नाही, त्यामुळे कल्ला माझ्या डबीचा होता हे मला लगेच समजलं. वॉचमन म्हणाला, "सगळ्या गाड्या तपासायला लावल्या, मावशी. तुमची कशाला? तुम्ही घरच्या." डबी तेव्हा माझ्या पर्समध्ये होती. मी बरं म्हणाले.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मुलीवर हलगर्जीपणाची केस झाली होती. "साहेबांनी लिहून दिलंय, पोरीचा हात स्थिर नाही, तिच्या आईनेच आम्हाला सांगितलं होतं. झालं तुझं समाधान?" असं बहीण म्हणाली. मी फोन ठेवला.

गुरुवारी मी आले नाही. तब्येत बरी नव्हती असं लिहू नका. काही झालं नव्हतं.

आज शुक्रवारी डबी हजर केली आहे. मिस्त्रीने दिली, पण लावली मी. माझ्या मुलीचा हात चांगला आहे. हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहा म्हणाले, तर हवालदारबाई म्हणाल्या, तशी पद्धत नाही.

लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवलं, ते मी सांगितलं तसंच आहे. वाचायच्या आधी हवालदारबाईंनी विचारलं, खिडकी लावून घेऊ का, बाहेर बाकावर तुमची मुलगी बसली आहे, तिच्या केसच्या चौकशीला आली आहे. राहू द्या उघडी, मोठ्याने वाचा, असं मी सांगितलं.