पोस्टरच्या डोळ्यात काजळ

तू काजळाचं नाव काढलंस म्हणून सांगते. आमच्या ओवीला शाळेत डोळ्यांच्या काळजीवर पोस्टर करायचं होतं. पोरीनं कार्डशीटवर मधोमध हा एवढा डोळा काढला आन् खाली लिहिलं, ‘मोबाइल लांब धरा. डोळे चोळू नका. डोळ्यात काजळ घालू नका.’

सकाळी बघते तर चित्रातल्या डोळ्यात ठसठशीत काजळ! आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, शेजारी निवांत बसलेल्या. बोट काळं.

“आत्याबाई, हे काय केलं?”

“डोळा लई भुंडा दिसून राहिला होता. कोपऱ्यात तीट बी लावली. पोरीच्या कामाला दृष्ट नको लागायला.”

“अहो, काजळ घालू नका असंच लिहिलंय की खाली!”

“ते लेकरांसाठी हाय. चित्राला काय व्हतंय?”

मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर काजळ आणखीच पसरलं. दारात शाळेचा ऑटोवाला हॉर्न मारून राहिला, ओवी रडकुंडीला आलेली. मग तिनंच नाक पुसलं, लाल खडूनं डोळा लालभडक केला, दोन टपोरे अश्रू काढले आन् वर लिहिलं, ‘आजीनं काजळ घातल्यावर’.

पहिला नंबर आला की गं!

मला वाटलं, आता आत्याबाई घर डोक्यावर घेतात. कशाचं काय! गल्लीभर पेढे वाटत सांगत होत्या, “मी काजळ घातलं म्हणून नंबर आला. आमची सून तर पुसायलाच निघाली होती!”