उडणारीची झडती

राजाच्या तुरुंगातून एक मुलगी उडून पळाली होती, म्हणून वेशीवर झडती चालू होती. रांगेत माझ्या पुढे एक बाई आणि तिच्या पुढे एक पोर. शिपायाने पोरीला अडवलं.

“उडता येतं का?”

पोर मागे सरकली. बाईच मध्ये पडली.

“हिला? अहो, हिला सकाळी अंथरुणातून उठता येत नाही.”

“तुम्ही कोण?”

“मावशी. नेताय का? न्या. तुरुंगात आयतं गिळायला मिळतं म्हणे.”

“तसं नाही, बाई...”

“न्या हो. फक्त परत आणून सोडायची नाही.”

“व्हा पुढे. दोघीही.”

वेशीबाहेर पोर कुजबुजली, “पण मला मावशीच नाही.”

“ठाऊक आहे. आता ही जड पिशवी धर. आनंदाने पाय सुटलेत तुझे जमिनीवरून.”