नातीच्या कॉलेजाचा कौल

हसा हवं तर, पण नातीचं कॉलेज मी देवाला विचारलं. आमची सुमी गोलकीपर. गोव्यातल्या कॉलेजात टीम मोठी आणि अभ्यासही कडक. जवळच्या कॉलेजात अभ्यास आहे, पण फुटबॉल नाही. आणि घरात आम्ही दोघीच.

गुरवाने मूर्तीला दोन्हीकडे ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर गोवा. गुरवाचं देवाला गाऱ्हाणं घालून संपायच्या आत उजवी पडली!

गुरव हळूच म्हणाला, "काकी, नात सकाळीच येवन गेली."

"कॉलेजाचाच इचारल्यान मा?"

"नाय गो. 'मी गेलंय तर आजी बरी ऱ्हवतली मा?' इतक्याच."

"मगे?"

"तासभर बसली. पाकळी काय पडाक नाय. 'गोवा नको' म्हणान रडत गेली."

घरी आले तर पोरगी फुटबॉलचे बूट माळ्यावर टाकत होती. मी म्हटलं, "गो सुमे, तू गेल्यावर तुझी पाकळी पडली. उजवी. बॅग भर."

ती गेली. आता मला नुसती चक्कर आली तरी वाटतं, देव तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर देतोय.