बहुमताने दोन छेद पाच

...आणि वर गळ्यात पाटी! नाही, तुम्हीच सांगा, माझ्या वयाच्या माणसाच्या गळ्यात कोणी पाटी घालतं का? पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली, आणि तिच्यावर ठळक अक्षरात 'मी ऐकतो आहे'! आमच्या मुख्याध्यापिका बाई कसल्याशा शिबिराला गेल्या आणि तिथून हे खूळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, आज तुम्ही बोलायचं नाही हं! आज मुलं आपली आपण शिकतील. तुम्ही नुसतं ऐकायचं." अहो बाई, मास्तर आहे मी! सहावीला गणित शिकवतो! तोंड मिटूनच बसायचं तर घरी बसतो की, तिथे तरी मला कोण बोलू देतं? पण नाही... बोलायचं नाही!

बरं, दिवस कुठला निवडावा? अपूर्णांकांच्या बेरजेचा! तुम्हाला सांगतो, सहावीच्या पोरांना कुठेही एकटं सोडा, पण अपूर्णांकांच्या बेरजेत सोडू नका. फळ्यावर गणित लिहिलं होतं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. लिहिलं आणि बसलो खुर्चीत. लगेच आमचा मॉनिटर उठला. त्याला सगळे पुढारी म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. खडू उचलला, शर्टाची कॉलर नीट केली, "सोप्पंय! वरचे वरचे मिळवा, खालचे खालचे मिळवा... दोन छेद पाच!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली! अख्खा आठवडा घसा कोरडा केलाय हो मी, खालचे मिळवू नका, खालचे मिळवू नका म्हणून! पण बोलायचं नाही!

कोणीतरी विचारलं, "कशावरून?" मला वाटलं, चला, एकाचं तरी डोकं जागेवर आहे. तर पुढारी काय म्हणाला माहितीय? "मतदान घेऊ!" गणिताचं मतदान! "दोन छेद पाच ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा!" झालं! हातच हात! एकाने तर दोन्ही केले, आणि ते दोन्ही मोजले! बहुमताने मंजूर! आणि मी आपला गळ्यात पाटी घालून बघतोय, कारण काय? बोलायचं नाही!

हात खाली फक्त एकीचा. आमची पुटपुटी. ही पोरगी अशी, की वर्षभर तिचा आवाज वर्गाने ऐकलेला नाही. ओठ हलतात, आत काहीतरी चाललेलं असतं, बाहेर काही येत नाही. तिला बोलतं करायला मी जंग जंग पछाडलं. आणि आज ती उभी राहिली हो, आपणहून! हातात घड्या घालून सहा सारखे भाग केलेली कागदाची पट्टी, आणि म्हणते, "पाच... पाच छेद सहा." बरोबर! शंभर टक्के बरोबर! वर्ग फिदीफिदी हसला. तिने माझ्याकडे बघितलं. "सर, चुकलं का माझं?"

आता काय करू मी? दाराच्या काचेतून बाई बघतायत, ओठांवर बोट! मी भुवया उडवल्या, डोळे मोठे केले, पाटी हलवली... पोरीला वाटलं, सरांना काहीतरी होतंय. तेवढ्यात पुढारी, "बघ, सरसुद्धा गप्प आहेत, म्हणजे चुकलंच!" आणि ती खाली वाकली, हातातली पट्टी दुमडायला लागली. संपलं! आज ही खाली बसली की पुन्हा जन्मात उभी राहणार नाही, आणि मी काय करायचं, ऐकायचं? मग मात्र मी उठलो, पाटी काढली, टेबलावर आपटली आणि ओरडलो, "बरोबर आहे तिचं! पाच छेद सहा!"

बाई आत. "सर! मुलं पोचणारच होती उत्तरापर्यंत!" म्हटलं, "पोचली होती बाई, पण बहुमताने खड्ड्यात!"

मला वाटलं, पोरीचा चेहरा खुलेल. कसलं काय, लालबुंद! "सर, कशाला सांगितलंत?" वर्षभरातलं तिचं पहिलं खणखणीत वाक्य, आणि तेही माझ्यावर! "मी बसत नव्हते काही! पट्टी पुन्हा दुमडून दाखवणार होते! आता सगळे म्हणणार, सरांनी सांगितलं म्हणून बरोबर!" आणि गर्रकन पुढाऱ्याकडे वळली, "आणि तू रे! आधी अर्धं होतं ना? त्यात आणखी घातलं ना? मग दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून कमी कसं झालं? घातलेलं गेलं कुठे?" पुढारी डोकं खाजवायला लागला. अहो, तो कशाला, मीही खाजवायला लागलो! मी लसावि, लसावि करत घसा फोडला, आणि हे एवढं सरळ मला कधी सुचलं नाही.

मग तिने पुढाऱ्याच्या हातातला खडू घेतला. "सर, तुम्ही फळ्याच्या आड येताय. मागे जाऊन बसा." मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "बसा की."

बसलो. शेवटचा बाक, गुडघे छातीशी. शेजारचा पोरगा सरकला, मला जागा दिली, पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हणाला, "घाबरू नका सर, मलापण नाही येत." तुम्हाला सांगतो, अख्ख्या दिवसात माझ्याशी इतक्या प्रेमाने दुसरं कोणी बोललं नाही.